खुंटी आणि खूणगाठ

सकाळचे साडेसात वाजलेले. डाळ-तांदूळ धुऊन कुकरमध्ये लावले, झाकण बसवलं आणि लक्षात आलं, शिट्टी नाही. ओट्यावर नाही, भांड्यांच्या जाळीत नाही, सिंकच्या तळाशीही नाही. घरातल्या चौघांनी चार दिशांना शोध सुरू केला. 'मी हातसुद्धा लावलेला नाही' हे चौघांचंही सांगून झालं. शेवटी त्या दिवशीचा भात पातेल्यात शिजला. शिट्टी मिळाली संध्याकाळी, ओल्या कचऱ्यात निघालेल्या कोथिंबिरीच्या काड्यांमध्ये. आदल्या रात्री ती मीच घासली होती. तेवढ्यात दाराची बेल वाजली असणार आणि काड्यांच्या ढिगाशेजारी ती ठेवून मी दार उघडायला गेलो असणार. 'असणार' म्हणतो, कारण शिट्टी हातात आल्यावरही ती तिथे ठेवल्याचं मला आठवलं नाही.

ते का आठवलं नाही, हे कळलं की वस्तू सांभाळायचं अर्धं शास्त्र कळलं.

हाताने ठेवलं, डोक्याला पत्ता नाही

वस्तू सापडेना की आपण स्मरणशक्तीला बोल लावतो. चाळिशी ओलांडलेला माणूस तर लगेच बदाम भिजत घालतो. पण विसरायचं तर ती गोष्ट आधी मनात नोंदली जावी लागते आणि नोंद व्हायला अवधान लागतं. किल्ली टेबलावर टेकली तेव्हा आपण फोनवर बोलत असतो, नाहीतर दूध उतू जाईल म्हणून धावत असतो. हात सवयीने आपलं काम उरकून मोकळा होतो. 'काय, कुठे, केव्हा' यांची सांगड घालायचं काम मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचं. पण अवधान दुसरीकडे असेल तर सांगड घालण्याजोगं त्याच्या वाट्याला फारसं काही येतच नाही. मग दहा मिनिटांनी कपाळाला आठ्या घालून आपण वहीचं जे पान शोधतो, ते कोरंच असतं.

त्यातून रोजच्या वस्तूंकडे आपण सर्वांत कमी बघतो. 1979 साली रेमंड निकरसन आणि मेरिलिन अ‍ॅडम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं. जन्मभर हाताळलेलं नाणं, पण चित्रं चुकलीच. मग पंधरा चित्रांमधून खरं नाणं ओळखायला सांगितलं, तर निम्म्याहून कमी लोकांना ते जमलं. आपल्याला हसायचं कारण नाही. शंभराची जांभळट नोट 2018 पासून आपल्या पाकिटात आहे. तिच्या मागच्या बाजूला कशाचं चित्र आहे, ते न बघता सांगा. (गुजरातमधल्या पाटणच्या 'राणी की वाव'चं.)

आणखी एक घोटाळा होतो. किल्ली सोमवारी टीव्हीवर, मंगळवारी फ्रिजवर, बुधवारी शर्टच्या खिशात ठेवली, तर गुरुवारी या तिन्ही आठवणी एकमेकींवर चढतात. रोज त्याच मॉलमध्ये गाडी वेगवेगळ्या मजल्यांवर लावणाऱ्याला हा अनुभव नक्की असेल. कालचा मजला आठवतो, आजचा आठवत नाही.

जपून ठेवलं म्हणून गेलं

'इतकं जपून ठेवलं होतं, की मलाच सापडेना,' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. त्यावरही संशोधन झालं आहे. यूजीन विनोग्राड आणि रॉबर्ट सोलोवे यांनी 1986 साली नेमकं हेच तपासलं: खास जागी ठेवलेल्या वस्तू का सापडत नाहीत? ठेवताना माणसाला वाटतं, जागा जितकी चमत्कारिक तितकी ती पक्की लक्षात राहील. निघालं उलटंच. वस्तूचा आणि जागेचा काही मेळ नसेल तर नंतर वस्तू आठवताना जागेकडे जायचा रस्ताच मनाला सापडत नाही. कानातल्या कुड्या दागिन्यांच्या डबीत असतील, हे मनाला सुचतं. तांदळाच्या डब्यात असतील, हे सुचत नाही. मुदत ठेवीची पावती जुन्या दिवाळी अंकात दडवलेली असली, तर ती बहुधा रद्दीवाल्याबरोबर जाते.

चोराला सापडू नये ही चिंता खरी आहे. पण त्यासाठी वीस गुप्त जागा करू नयेत. एकच करावी, ती बदलू नये आणि घरातल्या निदान एका माणसाला ती ठाऊक असावी. आजीच्या माघारी दहा वर्षांनी कोठीच्या तळाशी नोटांची पुरचुंडी निघाल्याच्या हकिकती ऐकायला गोड वाटतात. मधल्या काळात त्या नोटा चलनातून बाद झालेल्या असू शकतात.

काम झालं की हात सुटतो

आता घराबाहेर पडू. झेरॉक्सच्या दुकानात प्रती घेतो आणि मूळ कागद काचेवरच राहतो. पेट्रोल भरून निघतो आणि टाकीचं झाकण पंपावर राहतं. ज्यासाठी आलो ते काम संपलं की मन 'झालं' अशी खूण करून पुढे निघतं आणि त्यानंतरची आवराआवर मागे पडते. मायकेल बर्न आणि सुसान बोव्हेअर यांनी 1997 मध्ये या चुकीचा बारकाईने अभ्यास केला. एटीएमचं उदाहरण सर्वांच्या ओळखीचं आहे. जुनी यंत्रं आधी पैसे द्यायची, मग कार्ड. लोक पैसे मोजत निघून जायचे आणि कार्ड यंत्रात राहायचं. उपाय म्हणून क्रम उलटा केला: आधी कार्ड काढून घ्या, मगच नोटा बाहेर येतील. माणसं होती तशीच वेंधळी राहिली, फक्त यंत्र शहाणं झालं.

छत्रीचंही असंच. पाऊस थांबला की छत्रीचं काम संपलं आणि दुकानाच्या कोपऱ्यात ती एकटी उभी. जपानमध्ये तोक्योच्या पोलिसांकडे सापडलेल्या वस्तूंचं मोठं केंद्र आहे. तिथे एका वर्षात चाळीस लाखांवर वस्तू जमा झाल्या आहेत आणि त्यात लाखांनी छत्र्या असतात. हरवलेला फोन न्यायला लोक धावत येतात, छत्री न्यायला मात्र क्वचितच कुणी फिरकतं.

मुंबईच्या लोकलमध्ये हीच गोष्ट डोक्यावरच्या रॅकवर घडते. गर्दीत बॅग चार अनोळखी हातांवरून रॅकपर्यंत जाते, आपण दोन माणसांच्या मध्ये अडकतो आणि स्टेशन आलं की आपलं सगळं लक्ष उतरण्यात. पायाखाली फलाट लागला की प्रवास 'झाला'. बॅग पुढच्या स्टेशनाला निघते.

यातून एक साधा नियम निघतो. विसरण्याजोगी वस्तू न विसरण्याजोग्या वस्तूला अडकवा. छत्री खुर्चीला न टांगता आपल्याच बॅगेच्या पट्ट्याला टांगा. डॉक्टरांकडे दाखवायची फाइल रात्रीच चपलांवर ठेवा. चप्पल घालायची तर ती उचलावीच लागते. माहेराहून निघताना फ्रिजमध्ये राहणाऱ्या पुरणपोळ्यांवर माझ्या बहिणीने उपाय काढला आहे: ती गाडीची किल्लीच त्या डब्यावर ठेवते.

खुंटी

जुन्या मराठी घरात वस्तूंना पत्ते होते. भिंतीत लाकडी खुंटी, तिच्यावर टोपी, उपरणं आणि बाजाराची पिशवी. दिव्याला कोनाडा, कागदपत्रांना फडताळ, पितळी भांड्यांना मांडणी. आजोबांची चंची कमरेला, तिच्यात पान, सुपारी, चुना आणि कात आपापल्या कप्प्यात. पैसे कनवटीला. घरधनिणीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो हरवला तर चालतानाचा आवाज बंद झाल्यामुळे आधी शेजारणीला कळावं. त्या माणसांची स्मरणशक्ती काही आपल्याहून तल्लख नव्हती. त्यांनी आठवायचं काम भिंतीवर सोपवलं होतं, इतकंच.

सेफ्टी पिनेचं बघा. 1849 साली न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट याने तिचं पेटंट घेतलं आणि थोडक्या देण्यापायी चारशे डॉलरना हक्क विकून टाकले. आपल्याकडच्या बायकांनी ती वस्तू सांभाळायची अशी जागा शोधली, की तिला तोड नाही. मंगळसूत्रात किंवा बांगडीत दोन-तीन पिना अडकवलेल्या. लग्नाच्या गर्दीत कुणाचा पदर सुटला, कुणाच्या पिशवीचा बंद तुटला, की पिन हजर. ती शोधावी लागत नाही, कारण ती कुठे ठेवावी लागतच नाही.

चांगल्या खुंटीची लक्षणं चार. पहिलं, ती जिथे वस्तू हातातून सुटते तिथेच असावी. दारातून आत आल्यावर किल्ली जिथे टाकावीशी वाटते, तिथेच खिळा ठोका. शोभेसाठी दिवाणखान्याच्या टोकाला लावलेला सुंदर की-होल्डर रिकामाच राहतो. दुसरं, एका हाताने काम व्हावं. ड्रॉवर उघडून, डबी काढून, झाकण लावायचं असेल तर दमून आलेला माणूस ते करणार नाही. तिसरं, वस्तू उघडी दिसावी. जागा रिकामी असली तर तेही लांबून दिसतं. चौथं, तिथे दुसरं काही ठेवायचं नाही. किल्ल्यांच्या वाटीत सुटे पैसे, रबर आणि औषधाच्या गोळ्या जमल्या की ती वाटी म्हणजे एक लहानसं भंगारचं दुकान होतं.

शिट्टी सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर, सिंकच्या हाताला, एक पितळी हूक लावला. खर्च वीस रुपये. आता धुतलेली शिट्टी त्यावर जाते. घासताना बेल वाजली तरी हात तिकडेच वळतो.

खूणगाठ

प्रवासात, दवाखान्यात, दुसऱ्याच्या घरी खुंटी नसते. तिथे अवधान स्वतःहून जागं करावं लागतं. जुनी माणसं त्यासाठी पदराला किंवा उपरण्याला गाठ मारत. 'खूणगाठ बांधणे' हा वाक्प्रचार तिथलाच. गाठीवर काही लिहिलेलं नसे. पदर सावरताना ती हाताला लागली की 'काहीतरी राहिलंय' एवढंच ती सांगे आणि तेवढं पुरे होई. फोनमधला गजर हे तिचंच आजचं रूप. फक्त तो योग्य जागी वाजायला हवा. संध्याकाळी पाचला 'छत्री' असं वाजून उपयोग नाही, ऑफिसच्या दारातून बाहेर पडताना वाजायला हवं.

दुसरी खूणगाठ बोलण्याची. रेल्वेचा लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल नुसता पाहत नाहीत, त्याचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. जपानी रेल्वेत कर्मचारी बोट दाखवून बोलतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या 1994 च्या चाचणीत, बोट दाखवून उच्चारल्यावर साध्या कामातल्या चुका सुमारे 85 टक्क्यांनी घटल्या. बोट, डोळे आणि तोंड एकाच गोष्टीला लागले की मनाला दुसरीकडे भटकता येत नाही. 'पासपोर्ट बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला' असं ठेवतानाच स्वतःशी म्हणावं. पासपोर्ट नसेल तर गॅसपासून सुरुवात करावी. 'बंद केला' असं मोठ्याने म्हटलेला गॅस बघायला कोपऱ्यावरून परत यावं लागत नाही.

तिसरी खूणगाठ आकड्याची आणि ती अस्सल आपली आहे. एसटीने किंवा रेल्वेने निघालेल्या कुटुंबात एक काका असायचेच. 'एकूण डाग किती?' ते विचारत. वळकटी एक, ट्रंक दोन, फिरकीचा तांब्या, आंब्याची करंडी आणि पिशव्या तीन: डाग आठ. गाडीत चढताना आठ, बसल्यावर आठ, उतरून फलाटावर आठ. सात भरले की कुणीही जागचं हलायचं नाही. काकांना वस्तू आठवाव्या लागत नसत, फक्त एक आकडा. आजही घरातून निघताना 'फोन, पाकीट, किल्ली, चष्मा: चार' म्हणत खिसे चाचपणं हा त्याच मोजणीचा खिशात मावणारा अवतार आहे.

नाव घातलेलं परत येतं

मुंबईचे डबेवाले 1890 पासून लोकांचे डबे पोचवत आले आहेत. बाहेरून सगळे डबे सारखेच दिसतात, गुपित झाकणावर. रंग, अक्षरं आणि आकडे यांची खूण: डबा कोणत्या स्टेशनाहून निघाला, कुठे उतरायचा, कोणती इमारत, कोणता मजला. एकच डबा वाटेत कित्येक हातांतून जातो. प्रत्येक माणसाला फक्त आपल्यापुरती खूण वाचायची असते. आपला पत्ता वस्तू स्वतःच सांगते.

आपल्या वस्तू मात्र मुक्या असतात. आणि लोक प्रामाणिक नसतात, असं आपण धरून चालतो. 2019 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रचंड प्रयोग प्रसिद्ध झाला. 40 देशांतल्या 355 शहरांमध्ये, त्यात भारतातलीही होती, सतरा हजारांवर पाकिटं 'सापडली' म्हणून बँका, हॉटेलं, टपाल कार्यालयं अशा ठिकाणी नेऊन दिली गेली. काहींत पैसे होते, काहींत नव्हते. मालकाचा संपर्क मात्र प्रत्येकात होता. पैसे नसलेल्या पाकिटांपैकी सुमारे 40 टक्क्यांच्या मालकांशी लोकांनी संपर्क साधला. पैसे असलेल्यांच्या बाबतीत हे प्रमाण 51 टक्के निघालं. पैसे जास्त, तर परत करण्याची ओढही जास्त! पाकिटात किल्ली असली तर ती आणखी वाढली. किल्लीचा सापडणाऱ्याला काही उपयोग नसतो, पण हरवणाऱ्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो, हे लोकांना कळतं.

तेव्हा चष्म्याच्या घरात, छत्रीच्या मुठीवर, बॅगेच्या आत आणि पाकिटात एका चिठ्ठीवर मोबाइल नंबर लिहा. आपला नको, घरातल्या दुसऱ्या कुणाचा. हरवलेल्या फोनचा नंबर हरवलेल्या बॅगेत काय कामाचा? किल्लीला मात्र घराचा पत्ता कधीही बांधू नये. तिला ब्लूटूथवर चालणारा टॅग लावता येतो. हा टॅग स्वतः उपग्रहाशी बोलत नाही. तो बारीक संकेत सोडत राहतो, जवळून जाणारे अनोळखी लोकांचे फोन तो संकेत टिपतात आणि टॅग कुठे आहे ते कळवतात. म्हणून दादरच्या गर्दीत तो छान सापडतो आणि निर्जन घाटात मुका होतो.

शोधायचं कसं

हरवल्यावर पहिली चूक म्हणजे धावणं. पूर्वीच्या घरांत कुणीतरी म्हणायचं, 'आधी बसा, कार्तवीर्यार्जुनाचा श्लोक म्हणा.' गोव्यात आणि वसईत ख्रिस्ती घरांतून संत अँथनीला साकडं घातलं जातं. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. पण दोन मिनिटं शांत बसल्याने घाबरलेलं मन ताळ्यावर येतं, हा लाभ सर्वांना मिळतो.

मग पसाऱ्याकडे वळा. 2017 साली अ‍ॅबरडीन विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांच्या नजरेचा माग घेतला. आवरलेली, एकसारखी जागा एका कटाक्षात कळते, तरी लोक तिथेच पुन्हा पुन्हा बघत राहतात आणि गिचमीड जागा टाळतात. रिकाम्या टेबलाकडे तिसऱ्यांदा बघण्याऐवजी कपड्यांचा ढीग एकदा नीट उपसावा. शोधताना वस्तूचं नाव घ्यावं. गॅरी लुपयन आणि डॅनियल स्विंगली यांच्या 2012 च्या प्रयोगांत, ओळखीच्या वस्तूचं नाव उच्चारत शोधणाऱ्यांना ती लवकर दिसली. 'चष्मा, चष्मा' पुटपुटत फिरणारी आजी शास्त्राला धरूनच चालत होती. चष्मा तिच्या कपाळावर होता, ही गोष्ट वेगळी. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

खरंच गेली तर

फोन गेला तर दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून तो शोधून पाहा आणि लगेच कुलूपबंद करा. मिळाला नाही तर पोलिसांकडे तक्रार नोंदवा, सिम बंद करून त्याच क्रमांकाचं नवं घ्या आणि 'संचार साथी' पोर्टलवर फोनचा आयएमईआय क्रमांक देऊन तो ब्लॉक करा. 2023 च्या मे महिन्यात ही सोय देशभर सुरू झाली. ब्लॉक केलेला फोन देशातल्या कोणत्याही नेटवर्कवर चालत नाही.

बँकेचं कार्ड गेलं तर आधी बँकेला कळवा, मग शोधा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांप्रमाणे तुम्ही कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं. त्याआधी तुमच्या हलगर्जीपणाने झालेलं तुमचं. रेल्वेत सामान राहिलं तर 139 वर फोन करा. गाडीची वेळ, कोणत्या बाजूचा कितवा डबा आणि बॅगेचा रंग सांगता आला तर पुढच्या स्टेशनावर ती उतरवून घेता येते. राहिलेलं सामान मालकाला परत देण्याच्या रेल्वे सुरक्षा दलाच्या मोहिमेचं नावच 'ऑपरेशन अमानत' आहे.

दुसऱ्याची वस्तू आपल्याला सापडली तर? 1872 च्या भारतीय करार कायद्याने सापडणाऱ्यावर ती स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळायची जबाबदारी टाकली आहे. मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तर ते मागण्याचा हक्कही दिला आहे. मालक शोधायचा प्रयत्न न करता ती पचवणं हा गुन्हा आहे.

आता हे पुस्तक खाली ठेवण्याआधी एक काम करा. आपल्या फोनवर *#06# दाबा. पडद्यावर पंधरा आकडी क्रमांक येईल. दोन सिमच्या फोनवर दोन येतील. तो कागदावर उतरवून घ्या, कारण फोन गेल्यावर तो फोनमध्ये असून उपयोग नाही. आणि तो कागद कुठे ठेवला, हे घरातल्या एकाला मोठ्याने सांगा.